काकू घरात आहेत, पण फोनला दिसत नाहीत

...आणि आरतीचा ठेका जसा वाढत गेला तसे एकनाथरावांच्या हॉलमधले दिवे लागायला आणि विझायला लागले. काल गोष्ट इथवर आली होती आणि जेवायची हाक आली, म्हणून तेवढ्यावरच राहिली. तर झालं होतं काय, की भूगावच्या या एकनाथरावांनी हौसेनं टाळीवर लागणारे दिवे बसवून घेतले होते. एक टाळी वाजवली की दिवे लागायचे, दुसरी वाजवली की जायचे. पाहुणे आले की एकनाथराव सोफ्यावर बसल्या बसल्या टाळी वाजवून दाखवायचे आणि मिशीत हसायचे. पण गणपती बसले तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही, की आरतीला अख्खं घर टाळ्या पिटतं. झालं! उजेड, अंधार, उजेड, अंधार. गल्लीतल्या पोरांना वाटलं ही आरासच आहे, ती आणखी चेकाळली. एकनाथराव हातात तबक धरून ओरडतायत, "अरे टाळ्या थांबवा, टाळ्या थांबवा!" आणि भर आरतीत ओरडतात म्हणून त्यांच्या बायकोनं त्यांच्यावर डोळे वटारलेत.

शेवटी फोन गेला स्नेहलला. ती आली, दारात उभी राहून आधी पोटभर हसली, मग विचारलं, "काढून टाकू का?" पोरं म्हणाली, नको नको. मग तिनं काय करावं? लॅपटॉप उघडला आणि आरतीच्या वेळेपुरतं टाळीचं काम हॉलच्या दिव्यांकडून काढून गणपतीमागच्या रंगीत माळेला देऊन टाकलं. म्हणाली, "आता वाजवा किती वाजवायच्यात त्या." त्या वर्षी भूगावात सगळ्यात लांब आरती एकनाथरावांच्या घरी चालायची. प्रसाद संपायचा, आरती संपायची नाही.

तर ही स्नेहल. बहिरू शेडग्यांची थोरली लेक. भूगावातच जन्मली, भूगावातच वाढली. आता जिथं रांगेनं बंगले उभे आहेत ना, फाटकावर नावाच्या पाट्या आणि आत कुंड्या, तिथं बहिरूची भाताची खाचरं होती. गावाला रस्ता मोठा झाला, बिल्डर आले, जमिनीचे तुकडे पडले, आणि इतरांसारखी बहिरूनंही निम्मी जमीन दिली. पण स्नेहलच्या डोक्यातला नकाशा जुनाच राहिला. तिला कुणी फोनवर पत्ता सांगायला लागलं, की अमुक सोसायटी, तमुक लेन, तर ती मध्येच तोडते, "म्हंजी जांभळाच्या खाचरातला बंगला व्हय? आले." समोरचा गोंधळतो, पण ती बरोब्बर दारात हजर.

शाळा संपल्यावर तिनं वायरमनचा कोर्स घेतला. बहिरूचा जीव खालीवर झाला. "पोरगी खांबावर चढनार व्हय?" त्यानं विचारलं. स्नेहल म्हणाली, "खांबावर न्हाई, बाबा. लोकांच्या घरात शिडीवर." आई साळूबाई चुलीपुढून म्हणाली, "चढू द्या की. भात लावताना वाकून वाकून आपली कंबर गेली. हिची निदान ताठ राहील." एवढ्यावर प्रश्न मिटला. मग ती बाणेरच्या एका कंपनीत लागली. ही कंपनी घरं शहाणी करून द्यायची. म्हणजे माणूस खोलीत आला की दिवा आपोआप लागणार, टाकी भरली की मोटर आपोआप थांबणार, दार उघडलं की मालकाला हाफिसात कळणार. स्नेहल तिथं सगळं शिकली. पण तिच्या लक्षात आलं, की घरं शहाणी करून देणारे पुष्कळ आहेत. ती शहाणी घरं वेड्यासारखी वागायला लागली की मात्र कुणी फोन उचलत नाही. म्हणून तिनं नोकरी सोडली आणि तेच काम धरलं. स्कूटर, स्कूटरला बांधलेली घडीची शिडी, पाठीला लॅपटॉप. भूगाव, लवळे, कधी पार महाळुंग्यापर्यंत.

तिची एक खोड होती. घरात गेल्या गेल्या ती कशालाच हात लावायची नाही. म्हणायची, "तुमी रोज करता तसं करा. मी हितं बसते." आणि खरंच बसायची. चहा घ्यायची, भिंतीला टेकायची, आणि घरातली माणसं कुठून कुठं जातात, कुठलं बटण दाबतात, कुठं ओला टॉवेल टाकतात, ते बघत राहायची. लोकांना वाटायचं, ही कामाला आलीय का पाहुणी? पण एकदा लवळ्याला एका घरात पंखा मध्येच बंद पडायचा, तर बसून बघितल्यावर कळलं, की त्या घरचे आजोबा पेपर वाचताना इतके निश्चल बसतात, की सेन्सरला वाटतं खोली रिकामी झाली. सेन्सर म्हणजे ती भिंतीवरची पांढरी डबी. माणूस हलला की तिला समजतं. स्नेहलनं पंख्याची वेळ वाढवून दिली आणि आजोबांना सांगितलं, "पान उलटताना जरा हात हलवत जा." आजोबा रागावले. म्हणाले, "माझ्या घरात मी जिवंत आहे हे पंख्याला पटवून देऊ?" पण हात हलवायला लागले.

आता मूळ गोष्ट. ती आहे सुलक्षणाकाकूंची.

सुलक्षणाकाकू मूळच्या बार्शीच्या. नवरा विठ्ठलराव सरकारी नोकरीत, बदल्यांमध्ये सगळा महाराष्ट्र फिरून झाला, आणि निवृत्तीनंतर त्यांनी भूगावात छोटासा बंगला बांधला. स्नेहलच्या भाषेत, विहिरीलगतच्या खाचरात. विठ्ठलराव गेले, काकू एकट्या राहिल्या. एकट्या म्हणजे म्हणायला. दुपार झाली की त्यांच्या ओट्यावर बायकांचा बाजार. काकू ब्लाउज शिवायच्या, साडीला फॉल लावून द्यायच्या, गावातल्या दोन-तीन सुनांना शिवण शिकवायच्या. मशीनची खडखड आणि बायकांची खडखड, कुठली कुठली ते रस्त्यावरून कळायचं नाही.

मुलगा कौस्तुभ महाळुंग्याला, उंच इमारतीत वरच्या मजल्यावर. कंपनीत मोठ्या कामावर. आईवर जीव. त्यानंच आईच्या घरात हे सगळं बसवून घेतलं होतं. स्वयंपाकघरात सेन्सर, मागच्या दाराला सेन्सर, हॉलमध्ये एक डबा, आणि तो डबा सगळ्या खबरा कौस्तुभच्या फोनवर पाठवणार. सकाळी आई स्वयंपाकघरात आली की त्याच्या फोनवर एक छोटीशी खूण उमटायची आणि हा तिकडे निश्चिंत मनानं दाढीला लागायचा.

आणि दसरा झाला तसं काहीतरी बिनसलं. रोज सकाळी फोन सांगायला लागला: स्वयंपाकघरात हालचाल नाही. दहा वाजले, हालचाल नाही. दुपार झाली, तरी नाही. वर आणखी: मागचं दार उघडं आहे. संध्याकाळी उघडं, पहाटे उघडं. कौस्तुभ घाबरून आईला फोन करायचा. "आई, काय करतेस?"

"भाकरी थापतेय. का रे?"

"मागचं दार लावलंयस का?"

"लावलंय की."

आई म्हणतेय भाकरी थापतेय, फोन म्हणतोय स्वयंपाकघरात कुणी नाही. आई म्हणतेय दार लावलंय, फोन म्हणतोय उघडं. मग त्यानं कुणावर विश्वास ठेवायचा? पोराच्या मनात नको नको ते यायला लागलं. आई स्वयंपाक करत नसेल. जेवत नसेल. दार उघडं टाकून विसरत असेल. आणि आपल्याला बरं वाटावं म्हणून सगळं ठीक आहे म्हणत असेल.

कुणीतरी त्याला स्नेहलचा नंबर दिला. पहिल्याच फोनवर तो तिला म्हणाला, "मॅडम, बिघाड सिस्टीममध्ये आहे की माझ्या आईमध्ये, एवढंच मला सांगा. आईमध्ये असेल तर मी तिला इकडे घेऊन येतो. बंगला बंद करू."

स्नेहल गेली. पण तो दिवस दिवाळीच्या तोंडावरचा. सगळ्यांना माळा, दिवे, सगळं आत्ताच दुरुस्त पाहिजे. लवळ्याला एका हॉस्टेलची पाण्याची टाकी थांबायचं नाव घेत नव्हती आणि जिन्यावरून धबधबा चालला होता, तिथून सारखे फोन. त्यामुळे काकूंकडे ती बसली नाही. चहासुद्धा उभ्यानं घेतला. बसली असती तर ही गोष्ट तिथंच संपली असती.

मागचं दार मात्र तिनं लगेच पकडलं. दाराच्या सेन्सरचे दोन तुकडे असतात, एक चौकटीला, एक दाराला, आणि दोन्ही जवळ आले की दार लागलं असं समजायचं. काकूंनी दसऱ्याला झेंडूचं तोरण बांधलं होतं, आणि दोऱ्याला अडकवायला खिळा सापडेना, तर चौकटीवरच्या त्या पांढऱ्या तुकड्यालाच गाठ मारली होती. तोरणाच्या वजनानं तुकडा खाली घसरला होता. दार लागलेलं, पण तुकड्यांची भेटच नाही.

"काकू, ह्यो खिळा न्हाई," स्नेहल म्हणाली.

"मला काय माहीत? इतका सोयीचा बसवलाय, मला वाटलं तोरणासाठीच आहे."

दुसरं म्हणजे, हॉलमधल्या डब्याचं बटण बंद. काकू बाहेर जाताना घरातली सगळी बटणं बंद करून जायच्या, आणि परत आल्यावर हे लावायचं राहून जायचं. स्नेहल म्हणाली, "हे बंद करायचं न्हाई. ह्यो झोपला की सगळं घर झोपतं."

"अगं, पण घरात माणूस नसताना वीज चालू ठेवून जायचं?" काकूंना ते काही केल्या पटेना. शेवटी म्हणाल्या, "बरं बाई. राहू दे त्याला जागा."

स्वयंपाकघरातला सेन्सर वर कोपऱ्यात, फडताळाच्याही वर. स्नेहलनं लॅपटॉपवर बघितलं, तो डब्याशी बोलत होता, त्याचा सेल भरलेला होता. खालून मान वर करून बघितलं तर मधोमध लाल दिसलं. सेन्सरच्या पोटात एक बारीक लाल दिवा असतो, तो लागला म्हणजे त्याला माणूस दिसला. स्नेहल म्हणाली, "चालू हाय," आणि शिडी न उघडताच निघाली. जिन्यावरचा धबधबा वाट बघत होता.

दिवाळी झाली. दाराची तक्रार मिटली. पण स्वयंपाकघर काही बोलेना. कौस्तुभचा पुन्हा फोन, आणि या वेळी आवाजात चिडचिड नव्हती, थकवा होता. "स्नेहलताई, तुम्ही केलंत ते ठीक आहे. दार बरोबर झालं. म्हणजे यंत्र बरोबर आहे. मग आईच जात नाही स्वयंपाकघरात. मी या रविवारी येतोय तिला न्यायला. शिवणाचं मशीन बाल्कनीत ठेवता येईल."

स्नेहलनं फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला. आपणच 'चालू हाय' म्हणून आलो. त्या दोन शब्दांवर एक बाई तिच्या ओट्यावरून उठणार, बंगल्याला कुलूप लागणार, दुपारच्या बायका बंद दार बघून परत जाणार. आणि महाळुंग्याच्या बाल्कनीत, एवढ्या उंचावर, काकूंकडे फॉल लावून घ्यायला येणार कोण? चिमण्या?

तिनं पुन्हा फोन लावला. "दादा, रविवारी मी बी येते."

"आता कशाला?"

"मी त्या दिवशी बसले न्हवते."

कौस्तुभला काही कळलं नाही, पण तो हो म्हणाला.

रविवारी सकाळी स्नेहल पोचली तेव्हा कौस्तुभची गाडी फाटकात उभी होती आणि हॉलमध्ये दोन बॅगा उघड्या पडल्या होत्या. एका बॅगेत घडी घातलेल्या साड्या. काकू सोफ्यावर बसल्या होत्या, हात मांडीवर, कुणीतरी दुसऱ्याच्या घरी बसावं तशा. मशीनवर चादर टाकलेली. ते बघून स्नेहलला जास्तच वाईट वाटलं.

"काकू, चहा पाजा," ती म्हणाली. "आणि भाकरी टाका. मला भूक लागलीय."

"आज? आता?" कौस्तुभ म्हणाला.

"रोज करतात तसं करू द्या. तुमी फोन घेऊन माझ्याजवळ बसा."

काकू उठल्या. ओट्यापाशी गेल्या आणि बाई एकदम बदललीच. पिठाचा डबा, परात, तवा. हात सराईत. स्नेहल स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली, शेजारी जमिनीवरच कौस्तुभ, एवढा मोठा साहेब, मांडी घालून. आईची पहिली भाकरी फुगली. त्यानं फोन स्नेहलपुढे धरला. फोन म्हणत होता: हालचाल नाही.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"ही तर समोर आहे," कौस्तुभ हळूच म्हणाला. जसा काही त्यालाच खात्री करून घ्यायची होती.

स्नेहल मात्र वर बघत होती. कोपऱ्यातल्या सेन्सरकडे. मधोमध लाल दिसत होतं. काकू परातीकडून तव्याकडे गेल्या, लाल तसंच. तव्याकडून फडताळाकडे गेल्या, लाल तसंच. काकू पीठ घ्यायला वाकल्या, लाल तसंच.

"दादा, त्यो दिवा लुकलुकायला पायजे," ती म्हणाली. "दिसलं की लागायचा, मग इझायचा. ह्यो तर एकसारखा टक लावून बसलाय. ह्यो दिवाच न्हाई."

"मग काय आहे?"

"वर चढल्याबिगर कसं कळंल?" ती उठली. शिडी स्कूटरलाच बांधलेली राहिली होती. कौस्तुभनं इकडंतिकडं बघितलं आणि दाराआडचं लाकडी स्टूल ओढलं. "हे घ्या ना, कशाला बाहेर जाता?"

"अरे, ते नको!" काकू तव्यापासून वळल्या. "ते डुगडुगतं. मागच्या उजव्या पायाखाली पुठ्ठा घालावा लागतो. आणि तो पुठ्ठा..."

"तुला काय माहीत ते डुगडुगतं?" कौस्तुभ म्हणाला. "आई?"

"भाकरी करपेल," काकू म्हणाल्या आणि पाठ फिरवली.

स्नेहलनं शिडी आणली, उघडली, चढली. आणि वर पोचल्याबरोबर तिला हसावं का काय करावं ते कळेना. त्या पांढऱ्या डबीच्या भिंगावर, म्हणजे तिच्या डोळ्यावरच, हळदीचा जाड लेप होता. लेपावर मधोमध ओलं करून लावलेल्या कुंकवाचं ठसठशीत बोट. वरच्या कडेला झेंडूची एक पाकळी वाळून चिकटलेली. खंडेनवमीला साळूबाई स्नेहलच्या ड्रिल मशीनला, शिडीला, लॅपटॉपच्या झाकणाला अगदी अस्संच लावायची. दर वर्षी स्नेहल कुरकुर करत ते पुसायची. हत्यारांची पूजा. ज्याच्यावर पोट चालतं, ज्याच्यावर घर चालतं, त्याला त्या दिवशी हळद-कुंकू आणि फूल. काकूंनी कुणालाही उपाशी ठेवलं नव्हतं. दिवसभर आपल्याकडे बघत बसणाऱ्या या बिचाऱ्यालाही नाही.

आणि त्यासाठी काकू त्या डुगडुगत्या स्टुलावर चढल्या होत्या.

स्नेहलनं खाली बघितलं. काकू तव्यापुढून मान वर करून तिच्याकडेच बघत होत्या. डोळे म्हणत होते, बाई गं, बोलू नकोस. स्टुलावर चढायची कौस्तुभनं सक्त मनाई केली होती. आईला न्यायला त्याला जी काही कारणं हवी होती, त्यातलं सगळ्यात मोठं कारण या भिंगावर कुंकवाच्या रूपानं बसलं होतं.

आता बघा, ओढणीचं टोक लावून एकदा पुसलं असतं तर काम झालं असतं. फोन बोलायला लागला असता, आणि स्नेहल म्हणाली असती, "लूज कनेक्शन होतं." अशा वेळी लूज कनेक्शन फार उपयोगी पडतं. तिनं ओढणी हातात घेतलीसुद्धा. पण मग तिला कौस्तुभचा चेहरा दिसला. फोन धरून, मान वर करून उभा. याला नुसतं 'झालं नीट' सांगितलं तर हा आज ऐकेल. आणि पुढच्या वेळी फोन गप्प झाला, की पुन्हा आईवरच शंका घेणार, पुन्हा बॅगा काढणार. याचं भ्यायचं कारण याच्या डोळ्यांनी याला दिसलं पाहिजे.

तिनं ओढणी सोडली. खाली उतरली. "दादा, तुमी वर जा."

"मी?"

"जा की. शिडी माझी हाय, डुगडुगत न्हाई."

कौस्तुभ चढला. वर जाऊन बघत राहिला. बराच वेळ बघत राहिला. मग बोट लावलं, बोटाला पिवळं-लाल लागलं. खाली बघून म्हणाला, "आई, तू याची पूजा केलीस?"

"मग काय करू?" काकू म्हणाल्या. आता लपवून उपयोग नव्हता, तर त्या कंबरेवर हात ठेवूनच उभ्या राहिल्या. "मिक्सरला केली, मशीनला केली, विळीला, कात्रीला केली. गॅसलासुद्धा केली. आणि हा एकटा वर बसून बघतोय. तूच म्हणाला होतास ना, हा तुझ्यावर लक्ष ठेवतो म्हणून? मग त्याला सोडायचं?"

"आणि वर चढलीस कशी?"

काकूंनी स्टुलाकडे बघितलं.

कौस्तुभ खाली उतरला. त्याचा चेहरा उतरला होता. "पडली असतीस तर? आणि याच्या डोळ्यावर तर तूच पट्टी बांधलेली. तू इथं फरशीवर पडून राहिली असतीस आणि मला फोनवर नुसतं दिसलं असतं, हालचाल नाही. मी म्हणालो असतो, रोजचंच आहे."

खरंच होतं ते. तव्यावरची भाकरी मात्र करपली. वास आला तशी काकूंनी ती उलथन्यानं काढून बाजूला टाकली आणि डोळ्याला पदर लावला. धुराचं निमित्त बरं असतं.

मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "माझं चुकलं. स्टुलाचं चुकलं. पण तुला मी कधी खोटं सांगितलं नाही, कौस्तुभ. भाकरी थापत होते म्हणजे थापतच होते. जेवत होते. दार लावत होते. रोज."

कौस्तुभ खाली बसला, पुन्हा उंबऱ्यात, मघाच्याच जागी. "मला वाटायचं तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस."

"बरं वाटावं म्हणून सांगायचं असतं तर मी पुरणपोळी सांगितली असती. भाकरी कशाला सांगू?"

तो हसला. आधी नाकातून, मग मोठ्यानं. स्नेहलही हसली. काकूंनी दोघांकडे रागानं बघायचा प्रयत्न केला, जमला नाही.

पुढचं काम मग पटापट झालं. स्नेहलनं सेन्सर वरून काढला, कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसला, आणि परत वर लावलाच नाही. दाराशेजारच्या भिंतीवर, काकूंच्या खांद्याच्या उंचीला बसवला. "आता ह्याला कुंकू लावायला चढायचं काम न्हाई. पण काकू, ह्ये भिंग म्हंजी ह्याचा डोळा. डोळ्यात कुंकू घालतात का कुणाच्या? हितं, ह्या बाजूला, डबीच्या कडेवर लावायचं. येवढंसं बोट."

"बाजूला लावलेलं चालतं?"

"लई चालतं. माझी आई माझ्या लॅपटॉपला झाकणावरच लावती, पडद्याला न्हाई."

काकूंनी मान डोलावली. मग सेन्सरपुढून एकदा गेल्या. लाल दिवा लुकलुकला. परत आल्या. लुकलुकला. कौस्तुभच्या हातातला फोन टिंग टिंग करायला लागला. काकूंना इतकी गंमत वाटली, की त्या ओट्यापासून दारापर्यंत आणि दारापासून ओट्यापर्यंत उगीचच येरझारा घालायला लागल्या, आणि दर वेळी विचारायच्या, "दिसले का? आता दिसले का?"

"दिसलीस, दिसलीस!" कौस्तुभ म्हणायचा. "अगं बस आता, फोनचा सेल संपेल."

मग तिघं जेवायला बसली. भाकरी, पिठलं, आणि दिवाळीतली उरलेली चकली. करपलेली भाकरी कौस्तुभनंच मागून घेतली. जेवण झाल्यावर तो हॉलमध्ये गेला, साड्यांची चळत उचलली, आणि आतल्या कपाटात नेऊन ठेवली. जरा वाकडीच ठेवली. काकूंनी मागून जाऊन नीट केली. गाडीच्या डिकीत ज्या जागी बॅगा जायच्या होत्या, तिथं ते स्टूल गेलं. काकू फाटकातून ओरडल्या, "अरे, ते तुझ्या बाबांनी आणलेलं आहे!" कौस्तुभ म्हणाला, "म्हणूनच जपून नेतोय. बाबांनी तुला चढायला नव्हतं आणलं." एवढ्यात रस्त्यावरून दोन बायका पिशव्या घेऊन आल्याच. रविवारच्या दुपारीसुद्धा. काकूंनी मशीनवरची चादर ओढून काढली.

स्नेहल शिडी स्कूटरला बांधत होती. कौस्तुभ तिच्याजवळ आला. आतून मशीनची खडखड सुरू झाली होती आणि काकू कुणाला तरी सांगत होत्या, की बाही इतकी घट्ट नको गं, हात वर करता आला पाहिजे. तो जरा वेळ ऐकत उभा राहिला. मग म्हणाला, "स्नेहलताई, एक विचारू? आई इथंच राहू दे, ते पटलं मला. पण माझं मन... उद्या परत काही झालं, परत फोन गप्प झाला, की मी परत तसाच घाबरणार. त्यापेक्षा स्वयंपाकघरात एक कॅमेराच बसवून टाका ना. म्हणजे मला तिकडनं रोज दिसेल, आई जेवली का नाही. शंकाच नको."

स्नेहलनं दोरीची शेवटची गाठ मारली, ओढून बघितली, आणि स्कूटर चालू करायच्या आधी त्याच्याकडे बघून म्हणाली, "क्यामेरा देते की बसवून, दादा, पण हितं न्हाई, तुमच्या घरात बसवते, म्हंजी काकूंना हितनं रोज दिसंल, तुमी जेवला का न्हाई."